खाण गेली, धूळ राहिली



खाण येणार, शहर वसणार, पोरांना नोकऱ्या लागणार, असं गावोगाव सांगत फिरतात. असं एक शहर खरंच वसलं होतं. त्याचं काय झालं ते आम्ही सांगतो.

ऑस्ट्रेलियात विटनूम. जमीन बंजिमा आदिवासींची. १९४३ पासून कंपनीनं तिथं निळा ॲस्बेस्टॉस काढला. घरं झाली, शाळा झाली, दवाखाना झाला. खाणीचा चुरा रस्त्यावर, अंगणात, शाळेच्या मैदानात पसरला. लेकरं त्यातच खेळली. ही धूळ फुफ्फुसं खाईल, असं डॉक्टरनं १९४८ मध्येच सरकारला कळवलं होतं. खोदणं थांबलं नाही.

१९६६ ला खाण बंद झाली. माणसं मरतात म्हणून नव्हे, नफा सुटेना म्हणून! त्या धुळीनं आजवर दोन हजारांवर माणसं मेली. मजूर, त्यांच्या बाया, तिथं वाढलेली पोरं. २००७ मध्ये सरकारनं त्या शहराचं नावच काढून टाकलं.

नाव पुसलं, पण तीस लाख टन चुरा तिथंच पडून आहे. पावसाच्या पाण्यानं खाली वाहतो. आमची जमीन साफ करून द्या, म्हणून बंजिमा लोक अजून भांडतायत.

शहरवाले निघून गेले. कंपनी निघून गेली. जमीनवाला कुठं जाणार?

म्हणून दादांनो, बायांनो, साहेब ग्रामसभेत नोकऱ्यांचा आकडा सांगायला लागला की आधी विचारा: खाण संपल्यावर चुरा कोण उचलणार? उत्तर लेखी मागा. तोवर अंगठा नाही, सही नाही!