मवाळ नव्हे ही पायवाट

इंग्लंडला जाऊन आलेला मराठी माणूस दोन गोष्टींवर हमखास लिहितो: एक लंडन आणि दुसरी तिथली खेडी. लंडनबद्दल तो थोडी कुरकुर तरी करतो. गर्दी, महागाई, पाऊस. खेड्याबद्दल लिहिताना मात्र त्याची लेखणी पार विरघळते. दगडी घरं, चर्चचा मनोरा, हिरवी कुरणं, शेतांच्या बांधांवरची दाट झुडपं आणि त्यांच्या कडेनं निवांत जाणारी पायवाट. 'चित्रातल्यासारखं' हा शब्द येतो, 'शांत' येतो आणि शेवटी 'आपल्याकडे असं का नाही?' हा उसासा येतो. पर्यटनाची पत्रकंही हेच सांगतात. चढ नाही, दम लागत नाही, दोन तासांत परत गावात, मग चहा. असा हा मवाळ फेरफटका.

चालण्याला माझा विरोध नाही, खुशाल चालावं. विरोध आहे तो या 'मवाळ' विशेषणाला. मराठीत या शब्दासमोर 'जहाल' हा शब्द आपोआप उभा राहतो, आणि इंग्रजी पायवाटेची कुळी लावायची तर ती जहालांकडेच लागते. तिला मवाळ म्हणणं म्हणजे ज्यांनी ती राखली त्यांना वगळून फक्त देखाव्याचं कौतुक करणं.

उदाहरणासाठी एकच गाव घेऊ. पीटरबरोजवळचं हेल्पस्टन. जुन्या हिशेबानं ते नॉर्थॅम्प्टनशरमधलं. सपाट मुलूख, अवघड असं काही नाही. टॉर्पेल वे नावाची लांब पल्ल्याची पायवाट इथून जाते. गावात सेंट बोटॉल्फचं चर्च आहे आणि जॉन क्लेअर या कवीचं घर आहे. क्लेअर 1793 साली इथे एका शेतमजुराच्या घरी जन्मला. त्याच वर्षी कॉर्नवॉलिसनं बंगालमध्ये कायमधारा लागू केला, हे बंगाली वाचकांना सांगायला नको. जमिनीला एक पक्का मालक हवा आणि बाकीच्यांचे हक्क त्याच्या मर्जीवर, हा विचार तेव्हा गंगेकाठी आणि इंग्लंडच्या खेड्यांत एकाच वेळी राबवला जात होता.

हेल्पस्टन आणि शेजारच्या गावांसाठी 1809 साली पार्लमेंटनं कुंपणबंदीचा कायदा केला. मोकळी सामाईक शेतं, गुरं चारायची माळरानं, सरपण गोळा करायच्या जागा मोजून वाटून टाकल्या. ज्याच्याकडे कागद होता त्याला तुकडा मिळाला. ज्याच्याकडे फक्त वहिवाट होती त्याच्या हाती फारसं काही लागलं नाही. 1604 ते 1914 या काळात असे 5,200 हून अधिक कायदे झाले आणि सुमारे 68 लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडचा पाचवा हिस्सा, त्यांच्याखाली आली. क्लेअरनं हे डोळ्यांनी पाहिलं. पोटासाठी तो स्वतः कुंपणं घालणाऱ्या मजुरांच्या टोळीत राबला, आणि त्याच कुंपणांविरुद्ध त्यानं कविता लिहिल्या. लहानपणी ज्या माळावर तो मनाला येईल तिकडे भटकायचा, तिथे 'आत येऊ नये' अशा पाट्या लागल्या.

आता त्या दाट झुडपांकडे पुन्हा बघा. प्रवासवर्णनात त्यांना आपण 'शतकानुशतकांची' म्हणतो. या भागातली त्यांतली बरीचशी हॉथॉर्नची काटेरी रांग कुंपणबंदीत लावलेली आहे. वय दोनशे वर्षांच्या आसपास. वसंतात तिला पांढरा बहर येतो, पाखरं घरटी करतात, ती सुंदर दिसते, यात शंका नाही. पण ती लावली गेली ती माणूस आणि गुरं अडवायला. ज्या दृश्यानं आपला लेखक हरखतो, ते एका पराभवाचं दृश्य आहे.

मग त्यातून पायवाट कशी उरली? कुणाच्या मवाळपणामुळे नाही. 1815 च्या एका कायद्यानं दोन दंडाधिकाऱ्यांना 'अनावश्यक' वाट बंद करायचा अधिकार दिला, आणि दंडाधिकारी बहुतेक जमीनदारांच्याच वर्तुळातले असत. याविरुद्ध लोक गावोगाव भांडले. 1932 च्या एप्रिलमध्ये मँचेस्टर-शेफील्डकडचे काहीशे कामगार तरुण किंडर स्काउटच्या पठारावर परवानगीशिवाय चढले. ते पठार डेव्हनशरच्या ड्यूकच्या शिकारीसाठी राखीव होतं. पाच जणांना तुरुंगवास झाला. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन वीस वर्षांचा होता, त्याला चार महिने. त्याच घराण्यातल्या ड्यूकनं 2002 साली जाहीर माफी मागितली, सत्तर वर्षांनी. 1949 च्या कायद्यानं सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. आज इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा वाटा सुमारे 2,25,000 किलोमीटर आहेत. शेताच्या मधून गेलेली वाट शेतकऱ्यानं नांगरली, तर ठरलेल्या मुदतीत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. कुंपणावर ठोकलेला पिवळा बाण हे आदरातिथ्य नव्हे, तो हक्क आहे.

कुणी म्हणेल, झालं ते झालं. आज तरी तिथे शांतता आहे ना? तीही नाही. 2000 सालच्या कायद्यानं मोकळ्या डोंगर-माळांवर फिरण्याचा हक्क दिला, पण तो इंग्लंडच्या जेमतेम 8 टक्के जमिनीवर. त्याच कायद्यानं अशीही अट घातली की नकाशात न आलेल्या जुन्या वाटा 1 जानेवारी 2026 पर्यंत नोंदवल्या नाहीत तर त्यांवरचा हक्क संपेल. गावोगावचे स्वयंसेवक दप्तरखान्यांत बसून पुरावे शोधू लागले. गंमत अशी की, सर्वांत भक्कम पुरावा सापडतो तो कुंपणबंदीच्याच निवाड्यांत, कारण कोणती वाट ठेवायची हे त्यांतच लिहिलेलं असतं. सरकारनं मुदत आधी वाढवली, मग डिसेंबर 2024 मध्ये ती रद्दच करण्याचं जाहीर केलं. डार्टमूरच्या माळावर रात्री तंबू ठोकता येतो की नाही, हे ठरवायला 2025 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. निकाल चालणाऱ्यांच्या बाजूनं लागला. पण ज्या गोष्टीसाठी सर्वोच्च न्यायालय गाठावं लागतं तिला मवाळ कसं म्हणायचं?

दुसरा आक्षेप: चार दिवसांच्या पाहुण्यानं हे सगळं कशाला डोक्यात घ्यावं? पाहुणा म्हणून नको घेऊ दे. पण तो लेखक म्हणून परततो आणि 'आपल्याकडे असं का नाही' असं विचारतो, तेव्हा उत्तराची जबाबदारी त्याच्यावर येते. त्याचं नेहमीचं उत्तर असतं, त्यांना शिस्त आहे, सौंदर्यदृष्टी आहे. हे उत्तर खोटं आहे. आपल्याकडेही गावाच्या नकाशावर तुटक रेषांनी वाटा दाखवलेल्या आहेत. पाणंद आहे, शिवाररस्ता आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 सालचा आहे. त्याखाली अडवलेली वाट मोकळी करून मागता येते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या 143 व्या कलमाखाली बांधावरून वाट मागता येते. कायदा आहे, नकाशा आहे. बांध कोरत कोरत पाणंद गिळली जाते आणि तहसील कचेरीत तारखा पडत राहतात, तेव्हा त्या वाटेसाठी भांडतो तो एकटा अडलेला शेतकरी. साहित्यिक त्या वेळी दुसऱ्यांच्या गावातल्या हिरवळीवर लिहीत असतो.

आणि आपण तिकडून आणलं काय? कुंपण आणलं. शहराबाहेर डोंगर कापून पाडलेले प्लॉट, लोखंडी फाटक, पहारेकरी, आत हिरवळ. गुराख्याची जुनी वाट फाटकाशी येऊन थांबते. तिला आपण निसर्गाच्या कुशीतलं घर म्हणतो.

1841 च्या जुलैत क्लेअर एसेक्समधल्या वेड्यांच्या इस्पितळातून निघाला आणि सुमारे ऐंशी मैल चालत नॉर्थबरोला, आपल्या कुटुंबाच्या घराकडे आला. खिशात पैसे नव्हते. वाटेत भूक लागली तेव्हा त्यानं रस्त्याकडेचं गवत खाल्लं. हेल्पस्टनच्या चर्चशेजारी त्याची कबर आहे. त्याच्या जन्मदिवसाच्या सुमारास गावातली शाळकरी मुलं तिथे फुलं ठेवतात. पाहुण्यानं ती फुलं जरूर पाहावीत, मागच्या वाटेनं चालावं, चहाही घ्यावा. लिहायला बसला की एवढंच करावं: झुडपं कुणी लावली आणि वाट कुणी राखली, ही दोन नावं वेगवेगळी लिहावीत. आणि गावी परतल्यावर तलाठ्याकडे जाऊन आपल्या गावचा नकाशा एकदा उघडून, त्यातल्या तुटक रेषा आज जमिनीवर कुठे आहेत ते चालून बघावं. त्या फेरफटक्यात कदाचित दम लागेल.