संगणक निर्लेखनात काढण्याआधी

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, सांगली

विषय : शाळांमधील जुन्या संगणकांवर लिनक्स घालून पाहण्याबाबत, सुरुवात आटपाडी तालुक्यापासून

महोदय,



मी आटपाडीत संगणक दुरुस्तीचं काम करतो. डाळिंबाच्या व्यापाऱ्यांपासून पतसंस्थांपर्यंत सगळ्यांची यंत्रं हाताखालून जातात, तशीच तालुक्यातल्या शाळांचीही. हे पत्र शाळांच्या संगणकांबद्दल आहे. उघड लिहितो आहे, कारण जत, कवठेमहांकाळ, खानापूरच्या शिक्षकांनाही हाच प्रश्न पडलेला असणार.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. सुरक्षेपुरती मुदतवाढ मिळते, पण ती ठरावीक काळाची. विंडोज ११ घालायचं तर टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. लॅबमध्ये हमखास दिसणारे दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पिढीचे आय-थ्री या अटीत बसत नाहीत. घेतले तेव्हा ते चांगलेच होते आणि त्यातले पुष्कळ अजूनही धडधाकट आहेत. तरी आता ते डेडस्टॉक रजिस्टरमधून निर्लेखनाच्या प्रस्तावात जाणार. माझी विनंती एवढीच, की त्या प्रस्तावावर सही होण्याआधी प्रत्येक संगणक एकदा लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवर चालवून पाहावा.

‘कॉम्प्युटर स्लो झालाय’ ही तक्रार कागदावर किरकोळ दिसते. वर्गात ती तशी नसते. तासिका जेमतेम ३५ मिनिटांची, एका संगणकाला तीन-चार मुलं. बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत त्यातली बरीच मिनिटं जातात. मधेच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. कळ दाबली आणि अक्षर उमटलं नाही की मूल तीच कळ परत दाबतं, मग एकदम चार अक्षरं येतात आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. दिघंची, झरे, खरसुंडी भागातल्या कितीतरी घरांत मोबाइल आहे, पण कीबोर्ड नाही. त्या मुलांचा पहिला कीबोर्ड शाळेतलाच असतो. तो दाबल्याबरोबर चालला पाहिजे.

हा वेळ कुठे जातो? बहुतेक वेळा प्रोसेसरमध्ये नाही, हार्डडिस्कमध्ये. फिरत्या तबकडीची डिस्क इकडून तिकडून विखुरलेली माहिती सेकंदाला शंभरेक वेळाच वाचू शकते. साधी एसएसडी तेच काम हजारो वेळा करते. त्यात रॅम २ जीबी असेल तर ती भरली की संगणक उरलेलं सामान त्याच मंद डिस्कवर ठेवतो आणि तिथून पुन्हा उचलतो. यालाच आपण ‘हँग झाला’ म्हणतो. म्हणून शाळेकडे थोडेच पैसे असतील तर आधी एसएसडी घ्यावी, मग रॅम ४ जीबी करावी. दोन्हींचा मिळून खर्च नव्या संगणकाच्या मानाने फारच थोडा आहे.

उरलेलं काम ऑपरेटिंग सिस्टीमचं. लिनक्स घातलं की यंत्र आपोआप पळतं, असं मी म्हणणार नाही. कॉन कोलिवास नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या एका भूलतज्ज्ञाने ही गोष्ट फार आधी हेरली होती. लिनक्सचा गाभा मोठमोठ्या सर्व्हरांच्या सोयीने घडतो आहे, घरच्या संगणकापुढे बसलेल्या माणसाला ताबडतोब प्रतिसाद मिळतो की नाही याकडे दुर्लक्ष होतं आहे, असं त्याचं म्हणणं होतं. डॉक्टरकी सांभाळून तो त्यासाठी वर्षानुवर्षं दुरुस्त्या लिहीत राहिला. २००७ साली निराश होऊन त्याने ते काम सोडलं. पण त्याच वर्षी लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारे प्रोग्रामर इंगो मोल्नार यांनी कोणत्या कामाला प्रोसेसर कधी द्यायचा हे ठरवणारी नवी पद्धत लिनक्समध्ये आणली आणि तिची प्रेरणा कोलिवास यांच्या कामातून मिळाल्याचं मान्य केलं. २०२३ मध्ये ६.६ या आवृत्तीत तीही बदलली आणि त्याहून नेमकी पद्धत आली. कळ दाबणाऱ्या माणसाला थांबावं लागू नये यासाठी जगभरातल्या लोकांनी केलेलं हे काम आटपाडीच्या शाळेला फुकट मिळतं.

आता कोणतं लिनक्स? नावं शेकड्यांनी आहेत आणि तिथेच शिक्षक गोंधळून माघार घेतात. माझं मत स्पष्ट आहे. चौसष्ट बिटचा, ४ जीबी रॅमचा संगणक असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती. मिंटच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत, खाली पट्टी आणि कोपऱ्यात मेनू ही मांडणी विंडोज वापरलेल्या माणसाला परकी वाटत नाही आणि एक्सएफसीईत दिखाऊ हालचाली कमी असल्याने रॅम कामासाठी मोकळी राहते. उबंटूची मूळ आवृत्ती देखणी आहे, पण तिचा डेस्कटॉप या यंत्रांना जड पडतो. रॅम २ जीबीच राहणार असेल तर लुबंटू किंवा अँटिएक्स. बत्तीस बिटची फार जुनी यंत्रं मात्र खुशाल निर्लेखनात काढावीत. डेबियन या लिनक्सनेही २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं आहे.

यातलं लिनक्स कुठलंही घ्या, ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की ४ जीबीसुद्धा अपुरी पडते. त्यामुळे निवड माहितीपत्रक वाचून नको, यंत्रावर करावी. मिंट पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता सुरू करता येतं. आवाज, वाय-फाय, प्रिंटर, प्रोजेक्टर चालतात का ते आधी तिथेच पाहावं. मग एका यंत्रावर रीतसर इन्स्टॉल करून तीन गोष्टी तपासाव्यात. सुरू केल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत किती वेळ लागतो, लिबरऑफिस आणि ब्राउझर दोन्ही उघडे असताना मराठी टाइप केलेलं अक्षर लगेच उमटतं का, आणि लाइट जाऊन आल्यावर संगणक विनातक्रार उठतो का.

मराठीचा प्रश्न लिनक्सने चांगला सोडवला आहे. इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून जोडता येतो, युनिकोड फॉन्ट सोबत असतात, लिबरऑफिसचे मेनूही मराठीत करता येतात. अडचण येते ती जुन्या फायलींची. श्रीलिपी किंवा तत्सम फॉन्टमध्ये टाइप केलेली परिपत्रकं आणि प्रश्नपत्रिका तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अगम्य चिन्हांसारखी दिसतात. त्या युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतील. लिनक्स नाही आणलं तरी हे काम कधीतरी करावंच लागणार आहे.

काही संगणकांना मात्र हात लावू नये. आधारचं बोटाचं यंत्र जोडलेला, डिजिटल सहीचा टोकन लावलेला किंवा फक्त विंडोजवर चालणाऱ्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा कार्यालयीन संगणक आहे तसाच राहू द्यावा. सरल, यूडायस प्लस, शालार्थ या सरकारी पोर्टलांचं काम ब्राउझरमधून होतं, तरी लिपिकाने स्वतः करून पाहून होकार दिल्याशिवाय त्याचं यंत्र बदलू नये. हे पत्र मुलांच्या लॅबपुरतं आहे.

‘पुढे नोकरीत विंडोजच लागणार, मग मुलांना हे कशाला?’ असं पालक विचारतील. त्याचं उत्तर केरळने देऊन ठेवलं आहे. तिथे २००१ साली आयटी ॲट स्कूल हा प्रकल्प सुरू झाला, आता ‘काइट’ ही सरकारी कंपनी ते काम पाहते. उबंटूवर बेतलेलं स्वतःचं लिनक्स ती शाळांना देते आणि शाळेतला संगणक विषय त्यावरच शिकवला जातो. आपल्या तालुक्यातली गलाई व्यवसायातली कुटुंबं देशभर पसरलेली आहेत. त्यांचं जे मूल केरळच्या सरकारी शाळेत बसेल, ते लिनक्सवरच टाइप करायला शिकेल. त्याचं पुढे काही अडणार नाही, कारण तक्ता कसा मांडायचा, अर्ज कसा लिहायचा, फाइल कुठे ठेवायची हे एकदा आलं की कुठेही येतं. केरळात ‘लिटल काइट्स’ नावाचे विद्यार्थ्यांचे गटही आहेत, शाळेतल्या संगणकांच्या देखभालीला ते हातभार लावतात. आपले आठवी-नववीचे विद्यार्थीही हे सहज करतील.

केरळला हे जमलं त्याचं कारण, सगळ्या शाळांसाठी एकच व्यवस्था निवडली गेली. आपल्याकडे एखादा हौशी शिक्षक लिनक्स घालतो, त्याची बदली होते आणि मागे पासवर्डही कुणाला ठाऊक नसतो. म्हणून आदेश जिल्हा परिषदेकडून यावा असं मला वाटतं. माझ्या मागण्या चार आहेत.

एक, आटपाडी तालुक्यातल्या निवडक शाळांना एका सत्रासाठी प्रयोगाची लेखी परवानगी द्यावी. पुढे काही बिघडलं तर मुख्याध्यापकाला एकट्याला जबाब द्यावा लागू नये.

दोन, तालुक्यासाठी एकच लिनक्स ठरवावं. त्याची मराठी कीबोर्डसह तयार प्रत गटसाधन केंद्रात ठेवावी.

तीन, प्रत्येक केंद्रातल्या दोन शिक्षकांना ते इन्स्टॉल करायला आणि प्रिंटर जोडायला शिकवावं.

चार, प्रत्येक यंत्राचा आधीचा आणि नंतरचा वेळ नोंदवून तो तक्ता सर्वांसाठी खुला करावा.

ज्या यंत्राचा वेळ सुधारणार नाही, ते निर्लेखनात काढायला कुणाचीच हरकत असणार नाही. जे सुधारेल, ते आणखी काही वर्षं मुलांच्या हाताखाली राहील आणि वाचलेल्या पैशांत जिथे लॅबच नाही अशा वस्तीशाळेला एखादा नवा संगणक देता येईल. परवानगी मिळाली तर पहिल्या शाळेची लॅब मी मोबदला न घेता करून देईन, आणि गटसाधन केंद्रात शिक्षकांना शिकवायलाही येईन. हा निर्णय उन्हाळ्याच्या सुट्टीआधी झाला, तर जूनमध्ये शाळा उघडताना यंत्रं तयार असतील.

आपला विश्वासू,
आटपाडीतील एक संगणक दुरुस्ती करणारा