जखडलेला बोल्ट आणि उतावळा हात

इंजिनाच्या दुरुस्तीत सर्वांत क्षुल्लक समजली जाणारी, परंतु अखेर सर्वांत महाग पडणारी बाब म्हणजे गंजून बसलेला बोल्ट होय. हेडचे गॅस्केट बदलणे हे एका दुपारचे काम. परंतु त्याच वेळी हेडचा एक स्टड मुळाशी तुटला, म्हणजे सबंध इंजिन गाडीत घालून उदगीर किंवा लातूर गाठावे लागते. आणि इकडे हरभरा फुलावर असताना पाण्याची पाळी चुकते. आम्ही महसूल खात्यात अनेक वर्षे पीकपाहणीचे कागद लिहिले. पीक बुडाल्याची कारणे अवर्षण, गारपीट, कीड अशी नोंदली जातात. ‘बोल्ट तुटला’ असा रकाना कोठेही नसतो. तो असता तर कोरा राहिला नसता, अशी आमची खात्री आहे.

आमच्या देवणी भागात पुष्कळ विहिरींवर आता विजेच्या मोटारी आहेत, आणि डिझेल इंजिन अडीअडचणीचा सोबती म्हणून छपरात पडून असते. दुखण्याचे मूळ येथेच आहे. चालते इंजिन तेलकट राहते. पडून राहिलेले गंजते. गंज हा मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, म्हणून नट-बोल्टांच्या आट्यांतील बारीक फटीत तो पाचरीप्रमाणे फुगून बसतो. धुराच्या नळीचे बोल्ट तर तापून निवून आधीच करपलेले असतात. सबब ते सर्वांत घट्ट जखडतात.

अशा वेळी बहुतेकजण काय करतात? एक फुटी पान्यात तीन फुटी नळी अडकवितात आणि दोघे मिळून ओढतात. जोर तिप्पट होतो हे खरे. परंतु त्या जोराने गंज सुटेलच असे नाही, बोल्ट मात्र पिळवटतो. देवणीचा बैल बसला असता जाणता शेतकरी त्यावर काठी उगारीत नाही. खूर पाहतो, पोट पाहतो. तोच विवेक लोखंडाच्या बाबतीत का सुटावा?

योग्य रीत धीराची आहे. प्रथम तारेच्या ब्रशाने आटे स्वच्छ करावे. नंतर रॉकेल, ते न मिळाल्यास डिझेल किंवा बाजारात मिळणारे गंज सोडविणारे तेल आट्यांवर सोडून एक रात्र जाऊ द्यावी. मधून मधून बोल्टाच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्यावे, म्हणजे तेल आत झिरपते. पाना नेमक्या मापाचा व शक्यतो रिंगचा घ्यावा. सैल पाना डोक्याचे कोपरे खातो. बोल्ट जरा हलला की लगेच ओढू नये. किंचित पुढे, किंचित मागे, पुन्हा तेल, असे करीत जावे.

इतक्यानेही न सुटल्यास उष्णता द्यावी, ती बोल्टास नव्हे, त्याच्या भोवतीच्या भागास. बारा मिलिमीटरचे भोक दोनशे अंशांनी अधिक तापले तर सुमारे तीन शतांश मिलिमीटर रुंदावते. एवढ्यानेही गंजाची पकड तडकू शकते. मात्र डिझेलची टाकी आधी दूर करावी, सांडलेले तेल पुसून काढावे, आणि तापलेल्या बिडावर थंड पाणी कदापि ओतू नये, बीड तडकते.

बोल्ट तुटलाच तर छिन्नीने खोदाखोद करू नये. तुकडा वर दिसत असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करवावे. त्या उष्णतेने तो पुष्कळदा सैल होतो. आत तुटला असेल तर बरोबर मध्यावर पंचाची खूण करून ड्रिलने भोक पाडावे व उलट आट्यांच्या एक्स्ट्रॅक्टरने काढावा. हे हत्यार कठीण पण ठिसूळ असते. ते आत मोडले तर साधे ड्रिल त्यावर चालत नाही. म्हणून येथेही बळजोरी नको.

नवा बोल्ट घालताना आट्यांची जात पाहावी. व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराने १८४१ साली ठरविलेले इंची आटे ५५ अंशांचे, तर मेट्रिक आटे ६० अंशांचे आहेत. जुन्या इंजिनात मेट्रिक बोल्ट दोन-चार फेरे बसतो, मग अडतो. पुढे रेटला की आटे गेले. बोटांनी फिरेल तोच खरा.

कोणी म्हणेल, हे मिस्त्रीचे काम, आपले नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडीस कारखाना उभारून लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या हाती दिला, आणि १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. शंभर वर्षांहून अधिक काळ पाना महाराष्ट्राच्या शेतकऱ्याच्या घरात आहे. आता तो परका कसा म्हणावा?

आमची सूचना इतकीच. टॅप, एक्स्ट्रॅक्टर व चांगले ड्रिल प्रत्येकाने घेणे परवडत नाही. गावाने वर्गणी काढून एक संच ठेवावा व त्याची नोंदवही असावी. आणि खंडेनवमीस आपण इंजिनाला हळदकुंकू वाहतोच. त्याच दिवशी बाहेरचे बोल्ट एकेक करून तपासावे, सैल करण्याजोगे असतील ते सोडवून आट्यांना ग्रीस लावून पुन्हा बसवावे. हेडचे नट मात्र विनाकारण हलवू नयेत. त्यांच्या उघड्या आट्यांवर तेल सोडावे. रब्बीचे पाणी सुरू होण्यापूर्वी एवढा एक दिवस दिला, तर ऐन हंगामात आठ दिवस वाचतील.