ब्रूनो टाउट : स्वप्नाळू कोण?

कलेच्या इतिहासांत एक विपरीत न्याय चालतो. एखाद्या धनिकासाठीं एक प्रासाद बांधणारा अमर होतो आणि हजारों कुटुंबांना निवारा देणारा तळटीपेंत जातो. जर्मन स्थापत्यकार ब्रूनो टाउट (१८८०-१९३८) यांच्या वांट्याला हाच न्याय आला आहे. आधुनिक स्थापत्याची लोकप्रिय हकीकत ग्रोपियस, मीस फान डेर रोहे आणि ल कॉर्ब्युझिए यांच्याभोंवतीं फिरते. टाउट यांच्यासाठीं तींत बहुधा एका काचेच्या घुमटाचें चित्र आणि ‘स्वप्नाळू’ हें विशेषण एवढेंच शिल्लक राहतें. तें विशेषण अन्यायाचें आहे आणि तें लावणाऱ्यांचें मापच खोटें आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम प्रतिपक्षाचें म्हणणें प्रामाणिकपणें मांडूं. १९१४ सालीं कोलोन येथें कलावंत व कारखानदार यांच्या ‘वेर्कबुंड’ या संस्थेचें प्रदर्शन भरलें. त्यांत टाउट यांनीं एक काचमंदिर उभारलें. त्याला पैलूदार घुमट होता, काचेचे जिने होते, आंत पायऱ्यांवरून पाणी खळाळत होतें, आणि कवि पाउल शेअरबार्ट यांचीं काचेच्या स्तुतीचीं वचनें त्यावर कोरलेलीं होतीं. महायुद्ध सुरू होतांच प्रदर्शन अवेळीं मिटलें आणि पुढें ती इमारतहि पाडली गेली. नंतर १९१९ सालीं ‘आल्पीय स्थापत्य’ या चित्रग्रंथांत याच गृहस्थांनीं आल्प्सच्या शिखरांवर काचेचे मुकुट चढविण्याची कल्पना रंगविली. अशा माणसाला स्वप्नाळू म्हणूं नये तर काय म्हणावें, असें कोणी विचारील. शंका रास्त आहे. परंतु एवढ्यावरच ज्यांनीं निकाल दिला, त्यांनीं अर्धीच साक्ष ऐकली.

काचमंदिर उभें राहण्यापूर्वींच, १९१३ सालीं, बर्लिनच्या सीमेवर फाल्केनबेर्ग येथें टाउट सामान्य लोकांसाठीं सहकारी वसाहत बांधूं लागले होते. त्या काळचें बर्लिन म्हणजे भाड्याच्या बराकींचें शहर. १८५३ च्या बांधकाम नियमांप्रमाणें इमारतींमधला चौक अवघा ५.३४ मीटर लांब व तितकाच रुंद असला तरी चालत असे. कारण आगीचा बंब वळविण्यास तेवढी जागा पुरत होती. बंबाला लागणारी जागा सरकारनें मोजली, पण त्या चौकांत वाढणाऱ्या मुलाला किती ऊन लागतें, हें कोणीं मोजलें नाहीं. फाल्केनबेर्ग येथें टाउट यांनीं घरांना बागा दिल्या आणि साध्या भिंतींना तांबडा, निळा, पिवळा, हिरवा असे रंग दिले. लोकांनीं त्या वसाहतीला ‘रंगपेटी’ असें टोपणनांव ठेविलें. तेव्हां टाउट आधीं स्वप्नांत रमले आणि मग व्यवहारावर आले, ही सोयीची कथा सनावळीशींच जुळत नाहीं.

त्यांची खरी कसोटी १९२४ नंतर लागली. चलनाच्या घसरणीनें जुन्या घरमालकांचीं कर्जें जवळजवळ फिटून गेलीं होतीं; त्या अनायास लाभावर सरकारनें कर बसविला आणि त्यांतील कांहीं भाग नव्या घरांकडे वळविला. त्याच वर्षीं कामगार संघांच्या पाठबळानें ‘गेहाग’ ही गृहनिर्माण संस्था निघाली आणि टाउट तिचे प्रमुख स्थापत्यकार झाले. पुढील सात-आठ वर्षांत बर्लिनमध्यें त्यांच्या आराखड्यांवर दहा हजारांहून अधिक घरें उभीं राहिलीं. १९२५ पासून ब्रिट्झ येथें मार्टिन वाग्नर यांच्यासह बांधलेली वसाहत त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. एका जुन्या तळ्याभोंवतीं घोड्याच्या नालाच्या आकाराची तीन मजली इमारत वळविलेली असून, घरांचे सज्जे आंतल्या हिरवळीकडे उघडतात. मोजकेच नमुने पुनःपुन्हां वापरून खर्च आटोक्यांत ठेविला. परंतु प्रत्येक घराला उजेड, वारा, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मिळालें. १९२४ च्या ‘नवें घर’ या पुस्तकांत तर गृहिणीचे कष्ट कमी व्हावे म्हणून दिवाणखान्यांतील निरुपयोगी अडगळ बाहेर काढा, असा सल्ला टाउट यांनीं दिला आहे. हीच जर स्वप्नें असतील, तर त्यांना नळ आणि मोऱ्या होत्या!

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला असा कीं, टाउट यांचा रंग हा वरवरचा साज आहे. १९२७ च्या श्टुटगार्ट येथील वसाहत-प्रदर्शनांत त्यांच्या भडक रंगाच्या घराची थट्टाहि झाली. परंतु थट्टा करणाऱ्यांनीं एक गोष्ट लक्षांत घेतली नाहीं. संगमरवर आणि पितळ ज्याच्या ऐपतीबाहेर आहे, त्याला रंग मात्र परवडतो. एकसारख्या घरांच्या रांगेंत आपलें दार ओळखूं यावें, गल्ली रुंद भासावी, उगवतीकडील भिंत आणि मावळतीकडील भिंत निराळी दिसावी, हें सर्व रंगानें साधतें. याला साज म्हणणाऱ्यानें खुशाल म्हणावें. त्यांत राहणाऱ्याला ती सोय आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. या घरांचें भाडें सर्वांत गरीब मजुराला झेपत नसे. तेथें प्रायः कुशल कामगार व कारकून राहावयास आले. हें खरें आहे. परंतु भाडें ठरतें तें जमिनीच्या किंमतीवर, व्याजावर आणि बांधकामाच्या खर्चावर. त्यांपैकीं शेवटचें एकच स्थापत्यकाराच्या हातीं असतें, आणि तें टाउट यांनीं कमी करून दाखविलें. शिवाय, हा आक्षेप घेऊन जे पुन्हां धनिकांच्या बंगल्यांचे गोडवे गातात, त्यांना गरिबांचा कळवळा कितपत आहे, हें वाचकांनींच ठरवावें.

मीस यांचा बार्सेलोना येथील १९२९ चा मंडप पाहा. त्यांत कोणी राहावें असा हेतूच नव्हता. १९३० सालीं तो मोडला, अर्धशतकाहून अधिक काळ केवळ छायाचित्रांवर गाजला, आणि १९८६ सालीं पुन्हां बांधून पुरा झाला. तो सुंदर आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु टाउट यांचेंहि काचमंदिरच तेवढें चित्रांत मिरवतें, हा योगायोग नव्हे. ज्या वास्तूंत कोणी एक रात्रहि निजलें नाहीं, तिला कला म्हणावयाचें. आणि जेथें पिढ्यान्पिढ्या पाळणे हलले, तिला केवळ ‘गृहनिर्माण’ म्हणून बाजूला सारावयाचें, असें हें माप आहे.

टाउट यांच्या शत्रूंना मात्र त्यांच्या घरांचें महत्त्व नीट कळलें होतें. बर्लिनच्या त्सेलेनडोर्फ भागांत त्यांच्या सपाट छपरांसमोर १९२८ सालीं मुद्दाम उतरत्या छपरांची वसाहत उभी करण्यांत आली, आणि त्या वादाला ‘छपरांचें युद्ध’ असें नांव पडलें. १९३३ सालीं नाझी सत्तेवर येतांच टाउट यांना देश सोडावा लागला. जपानांत त्यांनीं निक्को येथील सोनेरी कोरीवकामापेक्षां क्योतोच्या कात्सुरा प्रासादाचा साधेपणा श्रेष्ठ मानला. म्हणजे तेथेंहि त्यांचें माप बदललें नाहीं. १९३६ सालीं ते तुर्कस्तानांत गेले, इस्तंबूलच्या ललितकला विद्यालयांत शिकवूं लागले, अंकारा येथें विद्याभवन बांधलें, आणि आतातुर्कांच्या अंत्यदर्शनासाठीं चौथराहि त्यांनींच रचला. पुढें दीड महिन्याच्या आंतच, २४ डिसेंबर १९३८ रोजीं, परक्या भूमींत त्यांचा अंत झाला.

२००८ सालीं युनेस्कोनें बर्लिनच्या सहा वसाहतींना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांपैकीं चार टाउट यांच्या आहेत. त्याआधीं दहा वर्षें, १९९८ सालीं, ‘गेहाग’मधील बर्लिन शहराचा मोठा हिस्सा खाजगी धनकोंना विकला गेला होता. भिंतींचा रंग जतन करावयाचा आणि त्या भिंती ज्या हेतूनें उभ्या राहिल्या तो विसरावयाचा, असा हा सन्मान आहे. सामान्य माणसाला चांगलें घर मिळालें पाहिजे, आणि तें सुंदरहि असलें पाहिजे, एवढेंच टाउट यांचें म्हणणें होतें, आणि तें त्यांनीं दहा हजार वेळां खरें करून दाखविलें. बाजाराच्या हातीं सोंपविलें कीं घरें आपोआप सर्वांना मिळतील, असें मानणारे आजहि पुष्कळ आहेत. त्यांच्या शेजारीं टाउट यांना उभें करून मग वाचकांनीं विचारावें, कीं दोघांत स्वप्नाळू कोण?