धूर कोणाचा, उपदेश कोणाला?

नोव्हेंबर २०२१. ग्लासगो येथील जागतिक हवामान परिषदेच्या समारोपाच्या वेळी अध्यक्ष आलोक शर्मा यांचा कंठ दाटून आला. निमित्त एका शब्दप्रयोगाचे होते. कोळशाचा वापर ‘संपुष्टात आणणे’ नव्हे, तर ‘टप्प्याटप्प्याने कमी करणे’, असा बदल भारताने आग्रहपूर्वक मसुद्यात करून घेतला होता. पाश्चात्त्य वृत्तपत्रे आणि त्यांच्या सुरात सूर मिसळणारे एतद्देशीय विचारवंत यांनी भारताला तत्काळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

त्या अश्रूंचे मोल कळावयास चार महिनेही लागले नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले, रशियाचा वायू आटू लागला आणि जर्मनीने राखीव ठेवलेली कोळशाची वीजकेंद्रे पुन्हा पेटवली. दक्षिण आफ्रिकेचा कोळसा युरोपच्या बंदरांत उतरू लागला. जानेवारी २०२३ मध्ये तर लिग्नाइटच्या खाणीसाठी जर्मनीतील ल्युत्सेराथ हे खेडे जमीनदोस्त करण्यात आले. विरोधकांना पोलिसांनी उचलून नेले. ब्रिटनने घरगुती वीज व वायूची बिले आटोक्यात ठेवण्यासाठी सरकारी तिजोरी मोकळी केली. ऐन हिवाळ्यात प्रजेची घरे उबदार राखणे हे कोणत्याही सरकारचे कर्तव्यच होय. त्याबद्दल दोष कोणी देऊ नये. परंतु जर्मन कुटुंबाची ऊब ही गरज आणि भारतीय कुटुंबाचा दिवा हे मात्र पाप, हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

आकडे पाहावेत. जगातील दर सहा माणसांमागे एक भारतीय आहे. २०२३-२४ मध्ये भारताचा दरडोई वार्षिक वीजवापर १,४०० युनिटांच्या आसपास होता. जगाची सरासरी ३,००० युनिटांच्या वर, तर अमेरिकेची १२,००० च्या वर आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे दोन तृतीयांश घरांत लाकूडफाटा, काटक्या आणि शेणाच्या गोवऱ्यांवरच स्वयंपाक होत होता. जवळजवळ एक तृतीयांश घरांत रॉकेलचाच दिवा जळत होता. फुंकणी घेऊन चुलीपुढे बसलेल्या, धुराने डोळे चुरचुरणाऱ्या त्या माउलीने पृथ्वीचे तापमान वाढवले काय? १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने कोट्यवधी घरांत गॅस पोहोचवला, तो चैनीसाठी नव्हे.

तथापि पाश्चात्त्यांची दुटप्पी नीती उघडी पाडून टाळ्या वाजवणे ही आत्मवंचना ठरेल. कारण याच गॅसपैकी सुमारे ६० टक्के परदेशातून येतो. त्यातील बहुतांश आखाती देशांतून, होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून. खनिज तेलाची आयात तर गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक आहे. मार्च २०२३ मध्ये मुंबईत घरगुती सिलिंडर १,१०० रुपयांवर गेला. डोंबिवलीच्या किंवा सोलापूरच्या गृहिणीचा मासिक हिशेब कोलमडतो, त्याचे मूळ कोपऱ्यावरच्या गॅस एजन्सीत नसते. ते सौदी अरेबियात दरमहा जाहीर होणाऱ्या भावात असते. सरकारी अनुदानाने बिल कोणी भरावयाचे एवढेच बदलते, परावलंबन तसूभरही घटत नाही. आणि सिलिंडर महागला की गरिबाच्या घरात चूल पुन्हा पेटते, हे वास्तव नाकारून भागणार नाही.

या परावलंबनाची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही. रशियाचे तेल घेतल्याचे निमित्त करून ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के अतिरिक्त आयातशुल्क लादले. त्याच रशियाचा द्रवरूप वायू तेव्हा युरोप विकत घेतच होता! ज्याचे इंधन दुसऱ्याच्या हातात, त्याच्या परराष्ट्रनीतीवर बोट ठेवण्याचे धाडस कोणीही करतो.

म्हणून ऊर्जेचे स्वावलंबन हा केवळ अर्थशास्त्राचा विषय नसून राष्ट्रीय स्वाभिमानाचा विषय आहे. २०२४-२५ मध्ये देशाचे कोळसा उत्पादन १०० कोटी टनांवर गेले, काक्रापार येथे स्वदेशी बनावटीच्या ७०० मेगावॉटच्या अणुभट्ट्या उभ्या राहिल्या, ही आशेची चिन्हे होत. पण सौरऊर्जेच्या घोषणा करताना त्यासाठी लागणारे वेफर चीनमधूनच येत राहिले, तर आखाताची बेडी काढून चीनची घातल्यासारखे होईल.

सरकारची जबाबदारी मोठी आहेच. मध्यमवर्गाची त्याहून लहान नाही. छपरावरील सौरसंचासाठी फेब्रुवारी २०२४ पासून ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले, तरी सुशिक्षितांच्या कित्येक इमारतींच्या गच्च्या रिकाम्याच आहेत. वातानुकूलक २४ अंशांवर ठेवला तर आरोग्य बिघडत नाही. डाळ भिजवून कुकरमध्ये लावणारी, खोलीबाहेर पडताना दिवा मालवणारी आजी कोणत्याही हवामान परिषदेला गेली नव्हती. तिचा संयम हा संस्कार होता.

तो संस्कार ग्लासगोच्या धाकाने नव्हे, तर देशाच्या हितासाठी पुन्हा घराघरांत रुजला पाहिजे. घरातला एक अनावश्यक दिवा मालवणे हीसुद्धा स्वदेशीच आहे.