बिऱ्हाड किती फुटांचे?

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' असे आपण जरा हिणवूनच म्हणतो. अमेरिकेत मात्र पुष्कळ निवृत्त जोडपी आपले बिऱ्हाड हौसेने चाकांवर चढवितात. त्या वाहनास मोटारहोम म्हणतात. पुढे चालकाची बैठक, मागे पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज, न्हाणी आणि संडास, असा सारा संसार एकाच गाडीत.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही उभयतां मिशिगन राज्यात आमच्या एका बालमित्राकडे गेलो होतो. इंदूरच्या शाळेत आमच्याहून दोन इयत्ता पुढे असलेले हे गृहस्थ नुकतेच निवृत्त झाले आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायपासची शस्त्रक्रिया झाली. आता वर्षातले चार महिने वहिनींसह देश पाहत हिंडावे, असा त्यांचा संकल्प. वाहन केवढे घ्यावे यावरून घरात आठ दिवस अबोला होता आणि आम्ही पोहोचताच लवाद म्हणून आमची नेमणूक झाली. मुख्याध्यापकास तंटे मिटविता येतात, हा लोकांचा जुना गैरसमज आहे.

तिकडे या वाहनांचे तीन वर्ग मानतात. 'ए' वर्ग बसगाडीसारखा, पार ४५ फुटांपर्यंत जाणारा. 'बी' वर्ग म्हणजे उंच छपराच्या व्हॅनचे केलेले घर, साधारण १८ ते २४ फुटी. 'सी' या दोहोंच्या मधला; त्यात चालकाच्या डोक्यावर पोटमाळ्यासारखी निजण्याची जागा असते. आकार वर्णमालेच्या क्रमाने उतरत असेल, असे समजून आम्ही पहिल्याच दिवशी नापास झालो!

मित्रांचे मन ३६ फुटी 'ए' वर्गावर जडले होते. तळावर थांबून कळ दाबली की तिची एक भिंत बाहेर सरकते आणि बैठकीची खोली रुंद होते. "जन्मभर काटकसर केली, आता तरी ऐसपैस राहू दे," असे त्यांचे म्हणणे. पुंजीचा मोठा वाटा त्यात जाणार होता. वहिनींना व्हॅन हवी होती.

विक्रेत्याच्या आवारात आम्ही दोघांस सांगितले, की फूटपट्टी बाजूस ठेवा आणि येथे राहत असल्याप्रमाणे वागून पाहा. जोडे काढून दोघे पलंगावर आडवे झाले. व्हॅनमध्ये वहिनींची जागा भिंतीकडे आली. रात्री उठायचे तर पतिराजांना ओलांडावे लागणार. दुसऱ्या व्हॅनमध्ये दिवसाची बैठक हाच रात्रीचा पलंग. मित्र पहाटे चारला उठतात, वहिनी सातला. म्हणजे त्यांनी चहा घेऊन बसावे कोठे? असल्या गोष्टी आठ दिवसांच्या सहलीत हसण्यावारी जातात, चार महिन्यांच्या संसारात जात नाहीत. न्हाणीतही शिरून, दार लावून पाहावे. संडास आणि शॉवर एकाच चौकोनात असतील, तर प्रत्येक स्नानानंतर तो पुसून काढावा लागतो. शेगडीवर कुकर ठेवल्यावर पोळपाटास जागा उरते का, हेही आमच्या सौभाग्यवतींनी पाहून घेतले. पोळपाट म्हणजे काय, हे विक्रेत्यास समजाविण्यात पाच मिनिटे गेली.

मग ३६ फुटी. सुखसोयींत तिला नाव ठेवण्यास जागा नव्हती. वहिनी चालकाच्या आसनावर बसल्या, आरशांतून मागे पाहिले आणि खाली उतरल्या. म्हणाल्या, "भाऊजी, यांना वाटेत काही झालं, तर मी ही जागची हलवू शकणार नाही." तोवर बायपासचा विषय कोणी काढला नव्हता. मित्र काही बोलले नाहीत. कायदा आड येत नव्हता; बहुतेक राज्यांत असली गाडी साध्या परवान्यावर चालविता येते. आमचे मत तेथेच ठरले. दोघांच्या वाहनाची लांबी ठरवावी, ती दोघांपैकी कच्च्या चालकाच्या हाताने.

इतर हिशेबही होतेच. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरील माथर तळावर ३० फुटांहून लांब वाहनास जागा मिळत नाही. मोठी पेट्रोल गाडी लिटरमागे तीन-साडेतीन किलोमीटर जाते. आणि मोठी गाडी पुष्कळ भार पेलेल असेही नाही. माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल, याची पट्टी दाराच्या आत लावलेली असते. पाण्याच्या टाकीत १५० लिटर पाणी भरले की तेवढे किलो त्यातून गेलेच.

अखेर २४ फुटी 'सी' वर्गाची गाडी दहा दिवस भाड्याने घ्यावी, असे ठरले. पलंग कायमचा आणि दोन्ही बाजूंनी उतरता येणारा. अट एकच, रोज निम्मे अंतर वहिनींनी चालवायचे. शाळा उघडायची तारीख आल्याने आम्ही मात्र परतलो.

पुढची हकीकत फोनवर कळली. पहिल्या दिवशी पेट्रोलपंपावर गाडी मागे घेताना वहिनी रडकुंडीस आल्या. चौथ्या दिवशी त्यांनी सलग १२० मैल चालविले आणि मित्र शेजारी चक्क घोरत होते. दिवाळीच्या सुमारास त्याच मापाची जुनी गाडी त्यांनी विकत घेतली. मोंटानातील ग्लेशियर उद्यानाचा डोंगरी रस्ता पाहण्याची वहिनींना फार हौस. पण त्याच्या मधल्या टप्प्यात २१ फुटांवरील वाहनास मनाई आहे. तेव्हा बिऱ्हाड पायथ्याशी ठेवून उद्यानाच्या लाल बसने वर जायचे, असा त्यांचा बेत आहे. मित्रांची तक्रार एवढीच, की पुस्तकांना एकच फळी मिळाली. उरलेल्या सात पेट्या इंदूरला पाठविल्या तर ठेवून घ्याल का, असे त्यांनी विचारले आहे. सौभाग्यवतींनी अद्याप उत्तर दिलेले नाही.