फ्लिंटचे पाणी आणि चवदार तळे

पाणी मिळाले म्हणजे पाण्याची लढाई संपली, असे ज्यांना वाटते त्यांनी अमेरिकेतील फ्लिंट शहराकडे पाहावे. मिशिगन राज्यातील हे मोटार कामगारांचे शहर. २०१४ साली लोकवस्ती सुमारे एक लाख, निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय. तिजोरी रिकामी असल्याचे सांगून गव्हर्नरने तेथे आपला व्यवस्थापक बसवला. लोकांनी निवडून दिलेले प्रतिनिधी नावापुरते उरले. पैसा वाचवायचा म्हणून २५ एप्रिल २०१४ रोजी फ्लिंट नदीचे पाणी नळाला सोडले गेले. नळ गंजू नयेत म्हणून घालावे लागणारे रसायन घातलेच नाही!

पाण्यात शिसे उतरले, हे जगाला कळले. दुसऱ्या मारेकऱ्याची चर्चा मात्र कमी झाली. त्याचे नाव लिजिओनेला. १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या अधिवेशनात साथ आली, त्यानंतर हा जंतू ओळखला गेला. तो कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो, तुषारांवाटे फुप्फुसात शिरतो आणि न्यूमोनिया करतो. गंजत्या लोखंडाने पाण्यातला क्लोरीन संपवला आणि जंतूला रान मोकळे मिळाले. २०१४-१५ मध्ये सुमारे ९० जण आजारी पडले, किमान १२ दगावले. हा रोग माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही. म्हणजे येथे रोग्याचा 'विटाळ' नाही. दोष पाणी सोडणाऱ्याचा आहे.

ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सने हे पाणी इंजिनाचे भाग गंजवते म्हणून नाकारले. इंजिने वाचली; माणसे आणखी वर्षभर तेच पाणी वापरत राहिली. साथीची वार्ता सरकारने जाहीर केली ती जानेवारी २०१६ मध्ये. राज्याच्याच नागरी हक्क आयोगाने २०१७ साली या प्रकरणामागे व्यवस्थेतला वंशद्वेष असल्याचे सांगितले. नुकसानभरपाई मंजूर झाली, पण बड्या अधिकाऱ्यांवरचे खटले तांत्रिक मुद्द्यावर कोसळले.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडला केवळ तहान भागवायला गेले नव्हते. ते माणुसकीचा हक्क बजावायला गेले होते. तळे खुले करण्याचा नगरपालिकेचा ठराव त्याआधीच झाला होता, पण तो कागदावरच होता. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते डु बॉइस यांना पत्र लिहिले, ते दोन्ही समाजांचे दुखणे सारखे आहे हे ओळखूनच.

म्हणून बांधवांनो, नळ आला म्हणून गप्प बसू नका. पाणी तपासले कोणी, अहवाल कुठे आहे, टाकी कधी धुतली, हे विचारा. निर्णय घेणाऱ्या खुर्चीत आपला माणूस नसेल, तर नळाला येते ते पाणी नव्हे, दुसऱ्याची मर्जी!

जय भीम!